दम

चेंडू हातातून सुटला
आणि नेमका तेव्हाच पोटरीत गोळा आला.
एक गेला, एक जमा.
कर्जविभागात अठरा वर्षं
मी हेच जुळवत आलेय.

माझगावच्या कोर्टावर मी उताणी,
वर ऑक्टोबरचं भाजून पांढरं पडलेलं आभाळ,
त्याच्या मधोमध यास्मिनचं तोंड.
तिनं गुडघा सरळ केला, पंजा माझ्याकडे दाबला.
"श्वास सोड. बाळंतपणात सोडला असशील तसा."
"सिझर होतं गं माझं."
"मग आज शीक."

समोरच्या टीमच्या कॉलेजातल्या पोरी
कमरेवर हात ठेवून थांबल्या होत्या,
आदरानं, म्हणजे
रस्त्यात म्हातारं माणूस पडल्यावर थांबतात तशा.
त्रेचाळीस वर्षांची पोटरी
कातडीखाली बेडकासारखी उडत होती
आणि मला, काय सांगू, हसू येत होतं.

सकाळपासून पोटात काय? एक कप चहा.
काल शनिवार, म्हणजे उपास.
हे ऐकून लोर्नानं छातीवर क्रॉस केला
आणि धाकू गवाणकर,
जो चुन्यानं रेघा मारतो, कोर्ट झाडतो,
स्कोअर चुकला की लांबूनच ओरडतो,
पिशवीतून बाटली घेऊन आला.
कोकमाचं आगळ, पाणी, चिमूटभर साखर.
"नुसतं पाणी काय ढोसता?
घामावाटे मीठ जातं, ते नळाला येतं काय?
गोदीत मे महिन्यात गोणी उचलायचो
तेव्हा जिभेखाली खडा ठेवायचो मिठाचा.
तरी रात्री पाय वळायचे.
मग बायको पोटऱ्यांवर उभी राहायची.
बारीक होती ती."
एवढं बोलून तो रेघा मारायला गेला.

आमच्या भाषेत दम एकटाच, आणि कामं ही एवढी.
तो लागतो, तो भरतात, तो धरतात,
साहेब लोक तो देतात.
आईचं आपलं एकच, जरा दम खा गं.
मी आयुष्यभर धरला.
खाल्ला नाही.

आता मंगळवार-गुरुवार भंडारवाड्याची टेकडी.
एक दिव्याचा खांब पळायचं, दोन खांब चालायचं.
पहिल्या आठवड्यात चौथ्या खांबाशी
बुटाची नाडी बांधायचं नाटक केलं,
तीनदा.
तिसऱ्या आठवड्यात खालच्या गोदीतल्या क्रेन
मोजता आल्या,
म्हणजे डोळ्यांपुढचा अंधार
वरच्या वळणापर्यंत सरकला होता.
दिवाळीनंतर दोन खांब पळणं, एक चालणं.
बाकी कमाई नाही. वजन तेवढंच.
शनिवारी दोन केळी खाते, देवाला सांगून.

डिसेंबरात पुन्हा त्याच पोरी.
चौथ्या क्वार्टरला पोटरीनं डोळा मिचकावला.
मी स्वतःहून हात वर केला, बदली मागितली,
बाकावर आंबट-खारट घोट घेतले,
टाच खाली, पंजा वर,
आणि दोन मिनिटांनी परत आत.
नऊ पॉइंटांनी हरलो. मागे एकवीसनी हरलो होतो.
लोर्ना म्हणाली, ह्या हिशेबानं पुढच्या वर्षी जिंकू.
पुढच्या वर्षी ती छप्पन्नची.

रात्री भांडी आवरल्यावर
स्वयंपाकघरात दोन्ही तळवे भिंतीला,
मागची टाच घट्ट जमिनीला.
तीस मोजते, मग दुसरा पाय.
पाणी प्यायला उठलेला निहार दारात उभा.
"आई, भिंत ढकलतेयस?"
"हो."
"हलली?"
"अजून नाही.
जरा दम खा."